कांदळवनातले कंट्रोलर

आमच्या खाडीत बोटीची सफर सुरू केली, त्या पहिल्याच रविवारी एक वयस्क प्रवासी फळीवर अर्धवट उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. डाव्या बाजूच्या चिपीच्या झाडावर समुद्रगरुड बसलेला आहे. गरुड सुटण्याच्या तयारीत आहे. तरी सर्वांनी त्वरित पाहून घ्यावे."

बोटीतली माणसं आधी दचकली, मग हसली. गरुड खरोखरच सुटला. इतका मोठा आवाज त्या झाडीत त्यानं पूर्वी ऐकलेला नसणार.

मी मात्र त्या आवाजाकडे बघत राहिले. तो मला पाठ होता. कॉलेजात असताना दोन वर्षं मी रत्नागिरीच्या स्टँडवर संध्याकाळच्या गाडीची वाट बघत बसायचे, तेव्हा हाच आवाज कर्ण्यातून यायचा. कोल्हापूरची गाडी फलाटावर लागली, गुहागरची उशिरा येते आहे, लहान मुलाचा एक बूट चौकशी खिडकीवर जमा आहे. आवाजामागचा माणूस कधी पाहिला नव्हता. कर्ण्यामागे कुणी माणूस असतो, हेच तेव्हा मनात आलं नव्हतं.

इब्राहिम मुकादम त्यांचं नाव. उभी नोकरी स्टँडवर गेली, शेवटी वाहतूक कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. खाडीच्या रस्त्याकडच्या काठावर मोहल्ला आहे, तिथं त्यांचं घर. आमची वाडी समोरच्या काठावर. मधे खाडी, आणि खाडीच्या दोन्ही अंगांना कांदळ आणि तिवरांचं दाट रान. पावस गावाकडून येणारा रस्ता मोहल्ल्यापर्यंतच येतो, म्हणून आमच्या बायकांच्या बचतगटानं बोट घेतली तेव्हा प्रवासी तिथल्याच धक्क्यावरून घ्यायचं ठरलं. सफर अशी: धक्क्यावरून निघायचं, झाडीतल्या अरुंद ओहोळांतून फिरायचं, मग वरच्या अंगाला खाजणाच्या, म्हणजे खारजमिनीच्या बांधावर उतरायचं. बांधावरून चालत चालत सड्यावर, वरच्या कातळपठारावर, चढायचं. वरून सगळी खाडी दिसते. पलीकडच्या अंगानं खाली आमच्या वाडीत उतरून जेवायचं, आणि बोटीनं परत धक्क्यावर. बोट माझा दीर दत्ता चालवतो. जेवणाचं गटातल्या बायका बघतात. बुकिंग आणि बाकीची धावपळ माझ्याकडे.

मुकादम पहिल्या रविवारी तिकीट काढून आले, तसे दुसऱ्याही आले. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, "चाचा, तिकीट नको. तुम्ही आमचे गाइड म्हणून या."

"मला पक्ष्यांतलं काही कळत नाय, बाय," ते म्हणाले.

हे अगदी खरं होतं. त्यांना फार कळत नसे आणि पुढेही फारसं कळलं नाही. चिखलात पळणारा कुठलाही भुरका पक्षी त्यांच्या लेखी तुतवार असे. खंड्या तेवढा ते चुकत नसत. कुणी जाणकार प्रवाशानं चूक दाखवली की लगेच म्हणत, "सुधारित सूचना ऐकावी," आणि त्या माणसाचं नाव घेऊन नवं नाव जाहीर करत. तो जाणकार दिवसभर खूश राही. कांदळाची मुळं वरून खाली कशी येतात, चिखलातला निवट्या मासा पाण्याबाहेर कसा उड्या मारतो, हे सगळं दत्ता सांगे. चाचा ते ऐकून घेत आणि मोठ्यानं जाहीर करत. लोक त्यांना कंट्रोलरचाचा म्हणू लागले, आणि मग आम्हीही.

पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला कंगवा, हातात छत्री, आणि या सगळ्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. ते जॅकेट एकदा घातलं की सफर संपेपर्यंत अंगावरून उतरत नसे. सड्यावर चढतानाही नाही आणि जेवायला बसल्यावरही नाही. त्यांना पोहता येत नव्हतं. बाप, आजा, दोन्ही भाऊ दर्यावर्दी. कुणी मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर, कुणी परदेशच्या बोटींवर. हे एकटे लहानपणी होडीत बसले की ओकायचे. "आमच्या घरात सगळे पाण्यावर, मी एकटा फलाटावर," ते सांगत. बोट जरा कलली तरी त्यांचा हात काठ पकडी, पण आवाजात ते कळत नसे.

पक्ष्यांपेक्षा त्यांचा जीव माणसांत. बोट सुटली की ते एकेकाला गाव विचारत. गाव कळलं की त्या गावची गाडी सांगत. कुणी म्हणालं आटपाडी, की हे विचारत, "स्टँडवरून तुमचं घर डाव्या हाताला की उजव्या?" त्या गावात ते कधी गेलेले नसत. रत्नागिरीबाहेर ते फारसे कुठेच गेलेले नव्हते. पण त्या गावाचं नाव त्यांनी इतक्या वेळा पुकारलेलं असे की तिथं आपलं कुणीतरी आहे अशा सुरात बोलत. ऐकणाऱ्याला बरं वाटे. निम्म्या वाटेत बोटीतली अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागत.

जेवताना ते फार सावकाश जेवत. आधी मला वाटलं, दातांचा त्रास असेल. पुढे लक्षात आलं की पानावर कुणी जेवत असलं तर कोकणात आलेली पाहुणी माणसंही उठत नाहीत, थांबतात. चाचा भाकरीचा शेवटचा तुकडा कुळथाच्या पिठीत बुडवून तसाच धरून ठेवत आणि बोलत राहत. घाईतला एखादा प्रवासी घड्याळ बघे. वाढणाऱ्या बायका माझ्याकडे बघत. पण त्यांना उठा म्हणायला कुणाची जीभ रेटत नसे.

धक्क्यावर परतल्यावर ते प्रत्येकाला आपला फोन नंबर देत. "घरी पोचलात की एक फोन करा. रात्र झाली तरी चालेल." माणसं हो म्हणत, नंबर मोबाइलमध्ये टाकत, गाडीत बसत. चाचांचा मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात असे. सोमवारी मी हिशेबाला धक्क्यावर गेले की विचारायचे, "आला का कुणाचा फोन?"

"सांगलीकरांचा आला. सुखरूप पोचले. बाकीचे दमले असतील."

बहुतेक लोक दमलेलेच असत.

त्यांच्या घराबद्दल मला एकदाच त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं. सड्यावर चढताना त्यांना दम लागला, म्हणून प्रवाशांना दत्ताबरोबर पुढे पाठवून आम्ही दोघं कातळावर बसलो. खाली खाडी चकाकत होती. त्यांचं घर इथून दिसत होतं, माडांमधलं लाल कौलांचं. मुलगा कुवेतला, मुलगी मुंब्र्याला, हे मला ठाऊक होतं. बायको, हमीदाचाची, त्यांच्या निवृत्तीनंतर वर्षाच्या आत गेली, हेही.

"तुझी चाची एक बोलायची," ते म्हणाले. "म्हणायची, साऱ्या मुलखाला हाका मारताव आणि घरात आलाव की मुके. खरंच होतं. दिवसभर मायकावर बोलून यायचं, घरी तोंड उघडायला नको वाटायचं. ती बोलायची, मी हूं करायचा. मी म्हटलं होतं, रिटायर झालो की बोलू."

ते छत्रीच्या टोकानं कातळावरचं वाळकं गवत उकरत राहिले.

"मग झालो रिटायर," ते म्हणाले आणि छत्री टेकून उठले. वर गेल्यावर पुन्हा त्यांचा तोच मोठा आवाज सुरू झाला. "प्रवाशांनी कड्याच्या काठाशी जाऊ नये."

दुसऱ्या हंगामात पुण्याहून फोटो काढणाऱ्यांचा एक गट आला. मोठमोठ्या लेन्स, हिरवे-तपकिरी कपडे. त्यांनी आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं, की तुमचा गाइड बोलला तर पक्षी मिळणार नाहीत, आम्ही इतक्या लांबून येतोय. त्यांचं काही चूक नव्हतं. मी धक्क्यावर चाचांना बाजूला घेऊन सांगितलं.

"बरोबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "मी गप बसतो. मला येतं गप बसायला."

आणि बसले. बोटीच्या टोकाला, हात मांडीवर, सगळी सकाळ. इंजिन बंद करून दत्तानं वल्ह्यावर बोट ओहोळात नेली. मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं एवढं त्या दिवशी दिसलं. रातबगळे फांद्यांवर ओळीनं बसलेले. ओहोटीच्या चिखलावर एक कोल्हा कुर्ल्या उकरत होता, तो मान वर करून आमच्याकडे बघून पुन्हा कामाला लागला. पुढच्या वळणावर पाणमांजरांचं कुटुंब, चार की पाच, तोंडात मासा धरून पोहत होतं. कॅमेऱ्यांची फक्त खटखट ऐकू येत होती. जाताना त्या मंडळींनी चाचांचा हात हातात घेऊन आभार मानले. असा समजूतदार गाइड कुठे मिळत नाही म्हणाले.

त्यांच्या गाड्या गेल्यावर चाचा धक्क्याच्या पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "चाचा, आज कमाल झाली. पाणमांजरं दिसली."

"दिसली," ते म्हणाले. मग जॅकेटचे बंद सोडत, "आज मी कुणाचं गाव विचारलं नाय."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दत्ताला घरी पाठवलं तर म्हणाले, गुडघा दुखतो. तिसऱ्या रविवारी चिपळूणचं एक कुटुंब आलं. ते आदल्या वर्षी येऊन गेलेलं होतं आणि या वेळी आजींना मुद्दाम बरोबर आणलं होतं. बोटीत पाय ठेवायच्या आधी आजींनी विचारलं, "ते सूचना देणारे कुठं आहेत?" मी तिथूनच चाचांना फोन लावला आणि आजींच्या हातात दिला. काय बोलणं झालं ठाऊक नाही. थोड्या वेळानं चाचा मोहल्ल्याच्या वाटेनं आले. गुडघ्याचं नाव नाही, शर्ट इस्त्रीचा, जॅकेटचे बंद चालता चालता बांधत. त्यानंतर आम्ही शनिवारची सफर शांततेची ठेवली आणि रविवारची चाचांची.

त्या आवाजाचा एकदा वेगळाच उपयोग झाला, तो मी विसरू शकत नाही. मिरजेचे एक पाटीलसर आले होते, शाळेतून निवृत्त झालेले. पुतण्याच्या कुटुंबाबरोबर होते, पण त्यांच्यात असूनही वेगळे पडल्यासारखे. बांधावरून चालताना त्यांना तिवरांत कुठलासा पक्षी दिसला, आणि कुणाला न सांगता ते त्याच्यामागे उतरले. सड्याच्या पायथ्याशी माणसं मोजली तेव्हा एक कमी. बांधावर परत आलो. तोवर भरती लागली होती. तिवरांच्या बुडातून पाणी आत सरकत होतं आणि झाडी अशी दाट, की दहा पावलांवरचा माणूस दिसू नये. फोनला रेंज नाही. पुतण्या हाका मारत इकडून तिकडे पळायला लागला. आत उतरायला निघाला तर दत्तानं त्याला धरलं, कारण मग दोन माणसं शोधावी लागली असती. दत्ता स्वतः बोट घ्यायला धावला.

चाचा म्हणाले, "कुणी बोलू नका. सगळ्यांनी एका जागी उभे राहा." मग ते बांधावर एका उंचवट्यावर चढले, तोंडाशी दोन्ही हात धरले.

"मिरजेचे प्रवासी श्री. पाटीलसर यांनी लक्ष द्यावे. आपली मंडळी बांधावर थांबलेली आहेत. आपण आवाजाच्या दिशेने यावे. घाई करू नये. झाडांची मुळे धरून यावे. गाडी आपल्याला घेतल्याशिवाय सुटणार नाही."

थांबून कान देत, मग पुन्हा तेच. त्यांनी आवाज एकदाही वाढवला नाही की घाबरा केला नाही. पुष्कळ वेळानं आतून क्षीण "ओ" आलं. चाचांनी नुसतं विचारलं, "सर, घर स्टँडपासून कुठल्या हाताला?" आतून काहीतरी उत्तर आलं. मग प्रश्नामागून प्रश्न. घरात कोण असतं, शाळेत कुठला विषय शिकवत होतात, आज घरी असतात तर काय जेवला असतात. उत्तरं जवळ जवळ येत गेली, आणि शेवटी कमरेपर्यंत चिखलात माखलेले पाटीलसर तिवरांतून बाहेर पडले. चष्मा गेला होता. पुतण्या रागावून काही बोलायला निघाला, तर चाचांनी त्याला हातानं थांबवलं. सरांना बांधावर बसवलं आणि पिण्याच्या पाण्याचा कॅन उघडून स्वतः त्यांचे पाय धुतले. सर म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला." चाचा म्हणाले, "चिखल वाळला की खाजतो."

पाटीलसरांनी मात्र घरी पोचल्यावर फोन केला. पुढच्या रविवारी संध्याकाळी पुन्हा केला. मग तो नेमच झाला. दोघांच्याही बायका गेलेल्या, दोघंही हातानं करून खाणारे. सोमवारी मी धक्क्यावर गेले की चाचाच सांगायला लागत. सरांनी काल भरीत केलं, पण वांगं कच्चं राहिलं. सरांची सून नोकरीला जाते, घरात दिवसभर कुणी नसतं. सर म्हणतात दिवाळीनंतर पुन्हा येतो, या वेळी एकटाच येतो, तुमच्याकडे उतरतो. चाचांनी वरची खोली झाडून घेतली. पलंगाला नवी गादी करून आणली, तीही मला दाखवली.

दिवाळी झाली. एका रविवारी फोन आला नाही, मग दुसऱ्या. चाचांनी आपण होऊन कधी फोन केला नव्हता, त्यांना ते बरं दिसेल असं वाटत नसे. शेवटी केला. सुनेनं उचलला. बाबा गेले, म्हणाली, तेरावंसुद्धा झालं.

हे त्यांनी मला धक्क्यावर सांगितलं, नेहमीच्याच आवाजात. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला कळवायला नको का कुणी?"

"त्यांना काय म्हाईत? मी कोण लागतो त्यांचा?" ते म्हणाले. "फोनमध्ये माझं नाव 'बोटवाले' म्हणून होतं. तिनंच सांगितलं. बोटवाले का, म्हणाली."

त्या हंगामाचे उरलेले रविवार ते न चुकता आले. सूचना दिल्या, गावं विचारली. फक्त धक्क्यावर परत आल्यावर नंबर देणं त्यांनी सोडलं. प्रवासी पाया पडत, हात मिळवत, गाडीत बसत. ते "सांभाळून जावा" म्हणत आणि छत्री घेऊन मोहल्ल्याच्या वाटेला लागत. जेवणंही लवकर आटपू लागले. वाढणाऱ्या बायकांनाच ते आधी टोचलं.

पावसाळ्यात सफर बंद असते. बोट वर ओढून झावळ्यांनी झाकलेली असते, खाडीला गढूळ पूर असतो. चार महिने मोहल्ल्याकडे जायचं काही कारण पडत नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बँकेचं काम निघालं तेव्हा मी चाचांना फोन केला, म्हटलं येताना घरावरून जाते. ते म्हणाले, "जेवायलाच ये."

घर मोठं, पण पडवीलगतची एकच खोली उघडी होती. बाकीच्या दारांना कड्या. त्यांनी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि ओल्या नारळाची चटणी केली होती. "श्रावण पाळतेस ना," म्हणाले. "म्हणून मासळी नाय आणली." ते बारीक झाले होते. साखर वाढली होती, औषधं चालू होती. मुलगी मुंब्र्याला ये म्हणते, मुलगा म्हणतो घर बंद करून टाक. ते दोघांनाही "बघू" म्हणत होते. जेवताना फारसं बोलणं झालं नाही. मी विचारलं, की ते उत्तर देत. मी गप्प बसले, की तेही. बाहेर पाऊस लागून राहिला होता.

मी निघाले तेव्हा तेही छत्री घेऊन निघाले. मला वाटलं, वाट निसरडी आहे म्हणून धक्क्यापर्यंत सोडायला येताहेत. आमच्या वाडीला जायला धक्क्यावरून तर असते, एक लहानशी इंजिनाची होडी, पाऊस असला तरी चालू. तरीत दुसरं कुणी नव्हतं. मी चढले, तर माझ्यामागून काठ घट्ट धरत चाचा चढले. पहिल्यांदाच मी त्यांना जॅकेटशिवाय पाण्यावर बघत होते.

"चाचा, तुम्ही कुठं?"

"पलीकडं."

"काय काम आहे का वाडीत?"

"काम कसलं? तू जातेस ना."

खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. ते माझ्या शेजारी फळीवर बसले, छत्री दोघांवर धरून. कांदळाच्या पानांवर पाऊस पडत होता त्याचा आवाज दोन्ही काठांवरून येत होता. मी काही बोलावं म्हणून जावेची, पोरांच्या शाळेची गोष्ट काढली. ते ऐकत होते. मधेच म्हणाले, "सांग सांग," आणि मी आणखी सांगितलं. काठ आला तेव्हा माझी गोष्ट अर्धीच झाली होती.

मी उतरले. ते बसूनच राहिले. तरवाला म्हणाला, "चाचा, उतरा की."

"नाय. मी परत जाणार."

मी म्हटलं, "घरी तरी चला. चहा घ्या."

"नको, बाय. पाणी वाढतंय. तू जा, भिजू नको."

गणपतीच्या आधी मुलगी येऊन त्यांना मुंब्र्याला घेऊन गेली, आणि थंडीत ते तिकडेच गेले. आम्हाला कळलं तोवर माती देऊन झाली होती. त्यामुळे मला आठवतात ते त्या दुपारचेच. तरवाल्यानं होडी वळवली, पण ते फळीवर वळून बसले नाहीत. तोंड आमच्याच काठाकडे होतं. वारा होता म्हणून छत्री दोन्ही हातांनी धरली होती, त्यामुळे हात हलवता येत नव्हता. होडी मधोमध गेली, पाऊस दाट झाला, आणि तरीही ते इकडे तोंड करून मोहल्ल्याच्या दिशेनं मागे मागे जात राहिले.